नऊ वर्षं निर्दोष

प्रिय कानसेनास,

शाळा सुटल्यापासून मी तुला कागदावर काही लिहिलेलं नाही, आणि शाळेत लिहिलं ते तुझ्या वहीतला गृहपाठ होता, तोही तू मागितला नव्हतास. तेव्हा पाकिटावर माझं अक्षर बघून धसका घेऊ नकोस. कोणी गेलं म्हणून लिहीत नाही. म्हणजे एक जण गेलं आहे, पण त्याला आता पाच महिने झाले. ते पुढे ओघात सांगेन. आधी एक विनंती. हे पत्र लेकीला मोठ्याने वाचून दाखवायला देऊ नकोस. तुला ते ऐकू येणार नाही आणि शेजाऱ्यांना येईल. चष्मा लाव, खिडकीशी खुर्ची ओढ आणि स्वतः वाच. तुझे डोळे कारखान्यातून सहीसलामत बाहेर पडले आहेत, बहुधा त्यांची तपासणी करायला वर्षानुवर्षं कोणी आलं नाही म्हणूनच.

तीन आठवड्यांपूर्वी तुझ्या लेकीचं पत्र आलं. वर 'प्रिय मावशी' आणि खाली मुद्दे एक ते सात. पोरगी वकील व्हायची ती चुकून शिक्षिका झाली. तिने तुझ्या कानांच्या भरपाईसाठी अर्ज केला होता आणि मंडळाने तो फेटाळला, हे मला तेव्हाच कळलं. हल्ली मला कोणी काही सांगत नाही आणि मीही कोणाला विचारत नाही. फेटाळण्याचं कारण तिने जसंच्या तसं उतरवून पाठवलं होतं: 'अर्जदाराची श्रवणक्षमता सलग नऊ वर्षे निर्दोष असल्याचे वार्षिक तपासणीच्या नोंदींवरून दिसून येते, सबब सदर दोष नोकरीतील कामामुळे उद्भवलेला नाही.' वाक्य मी दोनदा वाचलं. न्यायशास्त्राच्या तासाला असा तर्क कोणी मांडला असता तर पाठीवर शाबासकी पडली असती. प्रतिज्ञा आहे, हेतू म्हणजे कारण आहे, निगमन आहे, सगळं जिथल्या तिथे. फक्त हेतू खोटा आहे. आणि तो नऊ वर्षं, निळ्या शाईत, माझ्या अक्षरात लिहिलेला आहे.

अपिलाची सुनावणी येत्या गुरुवारी आहे आणि ते गेलं की पुढे दाद मागायला जागा नाही, हा मुद्दा सहावा. सातव्यात तिने मला विचारलं होतं की ते तपासणीचं मशीन बिघडलेलं असायचं का. कारण बाबांना दाराची घंटा ऐकू येत नाही, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, पाठीमागून गाडी आली तर लोक दंडाला धरून बाजूला ओढतात, मग असा माणूस दरवर्षी पास होतो तरी कसा? त्या ओळी वाचल्या आणि एक गोष्ट लक्षात आली. तू तिला सांगितलं नाहीस. भरपाईचा अर्ज हातातून जातोय हे दिसत असतानाही तू माझं नाव घेतलं नाहीस. याबद्दल तुझे आभार मानायचे की तुला फटकावायचं, यावर मी तीन आठवडे विचार करते आहे. निर्णय पत्राच्या शेवटी.

तिला मी फक्त 'मावशी' म्हणून ठाऊक. तिला हे ठाऊक नाही की तिचा बाप गुरुजींच्या वर्गातला एकमेव एकपाठी होता. गुरुजींनी एकदा म्हणायचं की तुझं झालं; पुस्तक उघडायची गरजच नाही. मी दशपाठी. दहा वेळा घोकून जे माझ्या पदरात पडायचं ते तू खिडकीबाहेर बघत बघत उचलायचास, आणि वर माझा एखादा ऱ्हस्व दीर्घ झाला की मान कलती करून असा चेहरा करायचास की जणू जेवताना खडा लागला. पुढे नववीत तुझे वडील अंथरुणाला खिळले (हा शब्द मी मुद्दाम निवडलेला नाही, मराठीत दुसरा नाही) आणि त्यांच्या जागी तू खिळ्यांच्या कारखान्यात लागलास. मी शिकत राहिले. एवढं संस्कृत शिकून मीही शेवटी त्याच फाटकातून आत आले. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, खिळ्याला संस्कृतात काय म्हणतात? मी म्हटलं, कील. ते इतके खूश झाले की मला कारखान्याच्या दवाखान्यात कारकून नेमलं. माझ्या विद्येचा एवढा रोख उपयोग पुन्हा कधी झाला नाही. पहिल्या दिवशी तू हाताच्या बोटाला पट्टी बांधून घ्यायला आलास, मला ओळखलंस आणि सगळ्यांदेखत 'नमस्कार, शास्त्रीबुवा' म्हणालास. ते नाव चिकटलं. फाटकाच्या आत 'तुम्ही', बाहेर 'तू', हाही नियम तूच केलास आणि तूच रोज मोडलास.

तुझं नाव मात्र शेडने ठेवलं. बाहेरच्या माणसाला त्या शेडची कल्पना देणं कठीण आहे. चाळीस मशिनं, प्रत्येक मशीन तार ओढतंय, तोडतंय आणि तिच्या डोक्यावर हाणतंय, मिनिटाला काही शे वेळा. मी वर्षातून दोन-तीनदा कागदावर सह्या घ्यायला आत यायची आणि बाहेर आल्यावर अर्धा तास मला माझाच आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटायचा. तू तिथे दिवसाचे आठ तास उभा. आणि उभा नुसता नव्हतास, ऐकत होतास. साचा झिजायला लागला की ठोक्याचा आवाज बदलतो, हे तूच मला सांगितलंस. टणक 'टक'चा किंचित मऊ 'टप' होतो. तो ज्याला कळला नाही त्याच्या पेटीत पाच मिनिटांत बिनडोक्यांच्या खिळ्यांचा ढीग, आणि बाद मालाचं वजन सरळ पगारातून वजा. कंपनीने कानात घालायला पिवळे बोळे दिले होते, आणि ते मिळाल्याच्या सह्या माझ्याकडे पक्क्या बांधलेल्या आहेत. पण बोळे घातले की तो 'टप' ऐकू येईना. मग काय, एकेकाने बोळे काढून खिशात टाकले. बोळे घालणाऱ्याचा पगार त्याच महिन्यात जायचा. न घालणाऱ्याचे कान जायला दहा वर्षं लागायची. एवढ्या लांबचं कोण बघतो? तुला तर तीन मशिनं पलीकडचा साचा बसलेला कळायचा. लोक खुणेने तुला बोलवायचे, तू मान कलती करून दोन क्षण उभा राहायचास आणि बोट दाखवायचास. म्हणून तू कानसेन. म्हणजे ज्याचे कान शेडमध्ये सगळ्यांत चांगले, त्याचेच सगळ्यांत जास्त वापरले गेले. चांगल्या सुरीचं घरात जे होतं तेच.

आता ती कानांची गाडी. वर्षातून एकदा ती अंगणात येऊन उभी राहायची. आत एक काचेची पेटी, पेटीत एक खुर्ची, कानांवर चढवायचे ते दोन वाडगे आणि हातात एक बटण. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. तो गाडीबरोबर येणारा तपासनीस आठवतो? बारमाही सर्दी. तो मशिनाकडे तोंड करून बसायचा, मी त्याच्या शेजारी नावं पुकारायला आणि नोंदी भरायला, तोंड काचेकडे. त्याने आवाज सोडला की मशिनावर एक बारीक दिवा लागायचा, तो मला दिसायचा, काचेतल्या माणसाला नाही. शेडमधल्या लोकांच्या आपापल्या युक्त्या होत्या. कोणी तपासनिसाच्या खांद्याची हालचाल टिपायचा, कोणी मनात आकडे मोजून ठराविक अंतराने बटण दाबायचा. तो शिंकला की सगळ्यांचीच लय चुकायची. मी बघून न बघितल्यासारखं करायची. कारण ज्याचे कान नापास, त्याला शेड बंद आणि शेडचा भत्ता बंद, हा नियम. झाडलोटीच्या कामावर जा नाहीतर घरी बस.

आणि मग तू आत बसलास. वहिनी जाऊन दोनच वर्षं झाली होती, लेक शाळेत होती. खालचे जाड आवाज तू बरोबर टिपलेस. मग दिवा लागला आणि तुझा अंगठा हलला नाही. पुन्हा लागला. नाही हलला. तू शांत बसला होतास, वर्गात बसायचास तसाच, आवाज कधी सुरू होतोय याची वाट बघत. तो सुरू होऊन संपतही होता. आयुष्यात पहिल्यांदा तुला काहीतरी चुकलेलं मी पाहत होते आणि तुला ते कळतही नव्हतं. माझ्या हातातलं पेन वर झालं. मी केलं असं म्हणवत नाही, ते झालं. तू बघितलंस. पुढचा दिवा लागला, पेन वर, तुझा अंगठा खाली. नऊ मिनिटं आपण ते केलं. तपासनिसाने नाक पुसत कागदावर 'उत्तम' लिहिलं आणि मी नोंदवहीत ते 'निर्दोष' असं शुद्ध करून घेतलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत येऊन दवाखान्यातली डुगडुगणारी मांडणी ठोकून पक्की करून गेलास, कोणी सांगितलेलं नसताना. खिळे अर्थात कंपनीचे.

त्यानंतरची वर्षं मला फार चांगली गेली, हे आज लिहिताना लाज वाटते. कँटीनमधलं ते कोपऱ्यातलं टेबल, तू तुझा डबा उघडायचास, मी माझा, आणि साहेबापासून शिपायापर्यंत एकेकाला आपण अर्ध्या तासात निकालात काढायचो. शेवटच्या तीन-चार वर्षांत तू एक नवीनच सुरू केलंस. मी बोलायला लागले की माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचास, अगदी लक्ष देऊन, वाक्य संपेपर्यंत. बाईमाणसाच्या ते ध्यानात येतं. त्याचा मी भलताच अर्थ काढला नाही, असं लिहिणार होते, काढला. पन्नाशीला आलेली बाई, घरी जाऊन आरशात बघितलं, केस निराळे बांधून पाहिले. घरी आम्ही दोघी बहिणीच; ताई म्हणाली, काय ग, कारखान्यात नाटक आहे का? पुढे एकदा बोलता बोलता मी तोंडावर रुमाल धरला आणि तू 'काय? काय?' करायला लागलास, तेव्हा मला कळलं की तू ओठ वाचत होतास. केस पुन्हा होते तसे बांधले. तुला तेव्हा हसून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण तेवढं मोठ्याने ते कँटीनमध्ये सांगता आलं नसतं.

मग तुला चकरा यायला लागल्या, तू मशिनाशेजारी दोनदा पडलास आणि डॉक्टरांनी मान वर न करता 'कामास अपात्र, कारण: प्रकृती' असं लिहून तुला मोकळं केलं. प्रकृती! सांख्यांनी त्या शब्दावर आयुष्यं घालवली, आमच्या डॉक्टरांचं काम एका ओळीत झालं. तू लेकीकडे गेलास. दर रविवारी सकाळी तुझा फोन यायचा आणि आपण बोलायचो, म्हणजे तू बोलायचास आणि मी काही म्हटलं की थोडा वेळ थांबून 'हो ना' म्हणायचास. तू अंदाजाने बोलतोस हे मला कळत होतं. हसण्याच्या जागा चुकत होत्या, पण तू हसत होतास ना, मग मीही चालवून घेत होते.

पाच महिन्यांपूर्वीचा तो रविवार तुला आठवणार नाही, कारण तुझ्या लेखी त्यात काही घडलं नाही. आदल्या मंगळवारी ताई गेली. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत आटोपलं. सगळं उरकून, येणारे-जाणारे परतून घरात मी एकटी उरले तो पहिला रविवार. तुझा फोन आला. मी म्हटलं, ताई गेली रे. तू थोडा वेळ थांबलास आणि म्हणालास, "वा वा, मजा आहे बुवा तुमची. जाऊन या, जाऊन या, हवापालट हवाच." मला वाटलं, पुन्हा सांगावं, ओरडून सांगावं. पण भिंतीपलीकडे शेजारी, आणि ताई गेली हे ओरडून कसं सांगायचं? मी फोन ठेवला. त्यानंतर तुझे फोन घेतले नाहीत. तू चार रविवार केलेस, मग थांबलास. तुला वाटलं असेल, बाई रागावली. रागावले नव्हते. इथे आता दोन खोल्या आहेत, दोन खुर्च्या आहेत, आणि घरी दिवसाकाठी मी एखादं वाक्य बोलते तेही दूधवाल्याशी. तुझीही तिकडे तीच गत आहे, असं लेक लिहिते. चारचौघांत जेवायला बसत नाहीस, ताट खोलीत नेतोस, कारण कोण काय म्हणालं ते कळत नाही आणि दर वेळी विचारायची लाज वाटते. कानात सारखे रातकिडे वाजतात म्हणून तासन् तास नळ सोडून त्याच्याशी बसतोस. ते वाचलं आणि वाटलं, आपण दोघं मिळून नऊ वर्षं जे सांभाळलं ते हेच.

तेव्हा मी ठरवलं की खरं सांगायचं. मोठ्या साहेबांना याचा सुगावा कसा लागला कोण जाणे, ते स्वतः दवाखान्यात आले, नेहमीची डोकेदुखीची गोळी मागितली आणि जाता जाता म्हणाले, "बाई, कागद बोलतातच की. आपण कशाला बोलायचं?" माझ्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत याची आठवणही त्यांनी काळजीपोटी करून दिली. साहेबांचं मला काही वाटलं नाही. मुकादमाचं वाटलं. तो दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आला, स्टूल ओढून बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी बोलले तर सगळ्या शेडची फेरतपासणी होईल, हे त्याला बरोबर समजलं होतं. तो म्हणाला, "आमचे कान गेलेत ते आम्हाला माहीत आहे, बाई. वरच्यांना माहीत नाही म्हणून घर चाललंय. एवढी कृपा करा, मध्ये पडू नका." मी हळूच म्हटलं, मी सांगणार आहे. तो म्हणाला, काय? मी पुन्हा म्हटलं. त्याने कानामागे हात धरला. तिसऱ्यांदा मी जीव खाऊन ओरडले, "मी खरं सांगणार आहे!" टाइपिस्टबाईंचं टाइपिंग थांबलं, डॉक्टर पडद्याबाहेर आले, पलीकडच्या खोलीत साहेबांचं दार उघडलेलं मला ऐकू आलं. मुकादमाने टाइपिस्टबाईंना विचारलं, काय म्हणाल्या? त्यांनी चिठोऱ्यावर लिहून दाखवलं. त्याने वाचलं, टोपी घातली आणि म्हणाला, "मग मघापासून पुटपुटत कशाला होतात?" तेव्हापासून शेडमधलं कोणी दवाखान्यात येत नाही. बोट कापलं तर चिंधी बांधतात. मी औषधाच्या बाटल्या पुसून परत जागेवर ठेवते.

एवढ्यावरून तुला वाटेल की शास्त्रीबुवा फार शूर निघाल्या. म्हणून सांगते, सोमवारी मी तुझ्या लेकीच्या वकिलाकडे जबाब लिहून दिला आणि तो शौर्याने दिला नाही. त्यात पेनाचं सगळं आलं आहे. दिवा, काच, नऊ वर्षं, नऊ तपासण्या. वकील तरुण आहे, चांगला आहे. त्याने विचारलं, तुम्ही हे का केलंत? मी म्हटलं, त्यांची नोकरी जाऊ नये म्हणून. घरात आई नसलेली मुलगी होती. त्याने 'सहानुभूतीपोटी' असं लिहून घेतलं. मी सही केली. बाहेर आले आणि बसच्या थांब्यावर बराच वेळ उभी राहिले. दोन बसगाड्या गेल्या. सहानुभूती हा शब्द चुकीचा नव्हता. पहिल्या तीन वर्षांपुरता तो अगदी बरोबर होता.

चौथ्या वर्षी एक परिपत्रक आलं होतं, आणि आज हे पत्र मी त्याच्यासाठी लिहिते आहे. वरून आलेलं, एक पानी. ज्या कामगारांच्या कानांना शेडमुळे अपाय झाला आहे त्यांना दुसऱ्या गावच्या कोठारावर बदली मिळेल, पगार तोच, भत्ताही तोच, राहायला खोली. दवाखान्याने अशा बाधितांना कळवावं आणि त्यांची संख्या महिनाअखेर द्यावी. गाव इथून दिवसभराच्या प्रवासावर. कोठार म्हणजे खोकी मोजायची, तिथे चिमणी ओरडली तरी ऐकू येईल इतकी शांतता. मी ते वाचलं आणि खणात ठेवलं. दोन आठवड्यांनी कानांची गाडी आली. त्या दिवशी मी पेन खाली ठेवलं असतं, एवढंच केलं असतं, तर तू नापास होऊन सुटला असतास, आणि तेव्हा तुझे निम्म्याहून जास्त कान शिल्लक होते. आत जाण्याआधी तू मला विचारलंस, "आणखी किती वर्षं निभेल ग?" मी म्हटलं, "निभेल." मग तू काचेत बसलास आणि मी पेन उचललं. महिनाअखेर परिपत्रकाच्या तळाशी मी लिहिलं, बाधितांची संख्या: निरंक. नोंदवहीप्रमाणे ते खरंच होतं. ते परिपत्रक अजून कोणी रद्द केलेलं नाही, मी तपासलं. म्हणजे मुकादमाला आणि शेडमधल्या बाकीच्यांना आजही त्याच्यावर बोट ठेवता येईल, भत्त्यासकट. म्हणून बुधवारी मी ते वकिलाच्या हातात देणार आहे. गुरुवारी मंडळ विचारेल, हे तुम्ही कामगारांना का दाखवलं नाही. मला नजरचूक म्हणता येईल, लोक मानतीलही. पण ती नजरचूक नव्हती, आणि गुरुवारी तू लेकीशेजारी बसलेला असशील, मी काय बोलले ते कोणीतरी तुला चिठोऱ्यावर लिहून दाखवेल. ते तू परक्या अक्षरात वाचू नयेस. आभार मानायचे की फटकावायचं, त्याचा निर्णय असा की मला दोन्हीचा अधिकार नाही. तू मला वाचवत राहिलास, कारण तुला वाटलं मी तुझी नोकरी वाचवली. मी कँटीनमधलं ते कोपऱ्यातलं टेबल वाचवलं. तू दुसऱ्या गावी गेला असतास तर मी डबा उघडून कोणासमोर बसले असते, एवढाच विचार त्या दिवशी माझ्या डोक्यात होता. मला तू जवळ हवा होतास. तू बरा राहावास, असं त्या हवेपणात कुठेही म्हटलेलं नव्हतं.

गुरुवारी तुझ्या बाजूने बोलणारी, आणि तू बघशील तिथे बघायची हिंमत नसलेली,

तुझीच
शास्त्रीबुवा